उत्तर आलं, पण कुणाला?

मराठीत 'येणं' हे क्रियापद मोठं लबाड आहे. 'तिला गणित येतं' म्हणजे गणित तिच्या डोक्यात बसलंय. 'गणिताचं उत्तर आलं' म्हणजे ते कागदावर उतरलंय. फळ्यासमोर उभं राहून गणित सोडवणाऱ्या मुलीच्या बाबतीत ही दोन्ही येणी एकाच जागी, एकाच वेळी घडतात, म्हणून आपण त्यांच्यात कधी फरक करत बसलो नाही. उत्तर आलं ना, मग तिला येतं. गुणपत्रकं आणि पदव्या या एका 'मग'वर उभ्या आहेत. ऑनलाइन विद्यापीठीय शिक्षणात गेल्या काही वर्षांत काय काय बदललं याची लांबलचक यादी करता येईल. माझ्या मते खरा बदल एकच आहे: तो 'मग' निखळला.

आधी थोडं पोचवण्याबद्दल, कारण या क्षेत्राचा निम्मा इतिहास पोचवण्याचाच आहे. ब्रिटनची ओपन युनिव्हर्सिटी १९६९ साली स्थापन झाली, १९७१ मध्ये तिचे पहिले विद्यार्थी शिकू लागले आणि बीबीसीवर तिची व्याख्यानं २००६ पर्यंत, बऱ्याचदा लोक झोपल्यावर, लागत राहिली. २००१ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रविद्यापीठाने आपल्या अभ्यासक्रमांचं साहित्य इंटरनेटवर मोफत ठेवणार असल्याचं जाहीर केलं. २०११ मध्ये स्टॅनफर्डच्या सेबॅस्टियन थ्रन आणि पीटर नॉर्विग यांच्या एआयच्या अभ्यासक्रमाला सुमारे १,६०,००० जणांनी नाव नोंदवलं. शेवटपर्यंत टिकले सुमारे २३,०००.

पोचवणं जमलं, टिकवणं जमेना. हार्वर्ड आणि एमआयटीच्या, एडेक्स या ऑनलाइन शिक्षणाच्या व्यासपीठावरच्या अभ्यासक्रमांचा सहा वर्षांचा हिशोब २०१९ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आला. नाव नोंदवणाऱ्यांपैकी ५२ टक्के लोकांनी अभ्यासक्रम एकदाही उघडला नव्हता. २०१७-१८ मध्ये पूर्ण करणारे होते ३.१३ टक्के. प्रमाणपत्रासाठी पैसे भरलेल्यांत मात्र हेच प्रमाण ४६ टक्के. आता, पैसे भरले म्हणून माणूस अभ्यास करतो, की अभ्यास करणारच होता म्हणून पैसे भरतो? हा प्रश्न वाटतो तितका फावल्या वेळातला नाही. पर्ड्यू विद्यापीठाची 'कोर्स सिग्नल्स' नावाची यंत्रणा विद्यार्थ्याला लाल, पिवळा, हिरवा दिवा दाखवून वेळीच सावध करायची. ज्यांनी असे दिवेवाले दोन किंवा जास्त विषय घेतले ते विद्यापीठात जास्त टिकले, असं सांगितलं गेलं. २०१३ मध्ये टीकाकारांनी ते उलटं करून दाखवलं: जो जास्त काळ टिकतो त्याच्या वाट्याला असे विषय आपोआपच जास्त येतात. दिव्यांमुळे मुलं टिकली की टिकलेल्या मुलांनी दिवे पाहिले, हे त्या आकड्यांतून ठरतच नव्हतं. डॅशबोर्ड, म्हणजे आकडे आणि दिवे दाखवणारा फलक, अशी कुठलीही गोष्ट समोर आली की हा किस्सा आठवावा.

पोचवण्याचा प्रश्न संपला असं म्हणणारे बहुतेक जण चांगल्या इंटरनेटवर बसलेले असतात. साधा हिशोब करू. ४८० पी दर्जाचा व्हिडिओ सेकंदाला साधारण १ मेगाबिट खातो. तासाचे झाले ३,६०० मेगाबिट, म्हणजे ४५० एमबी. तोच तास नुसता आवाज म्हणून, ओपस कोडेकमध्ये (आवाज दाबून लहान करण्याची एक पद्धत) सेकंदाला ३२ किलोबिटने साठवला तर १४.४ एमबी, आणि बोलण्यासाठी ३२ किलोबिट भरपूर झाले. आठवड्याला ३ तास, १२ आठवडे धरले तर व्हिडिओचे १६ जीबी आणि आवाजाचा जेमतेम अर्धा जीबी. व्हिडिओच्या शेजारी आवाजाची फाइल आणि स्लाइड्सची पीडीएफ ठेवायला कुठलंही नवं तंत्रज्ञान लागत नाही. कदाचित म्हणूनच ते फारसं कुणी करत नाही.

थेट तासाचं दुखणं वेगळं. हजारो लोकांना एकाच वेळी दाखवायचं तर व्हिडिओ साधारण सहा-सहा सेकंदांच्या तुकड्यांत कापून पाठवतात आणि समोरचा प्लेअर दोन-तीन तुकडे जमा झाल्याशिवाय दाखवायला लागत नाही. म्हणजे शिक्षकाचं वाक्य विद्यार्थ्यापर्यंत वीस-एक सेकंदांनी पोचतं. शिक्षक विचारतात, "समजलं ना?" पाच सेकंद थांबतात, चॅट रिकामी दिसते, पुढे जातात. विद्यार्थ्याच्या कानावर प्रश्न पडतो तेव्हा तिकडे पुढची स्लाइड अर्धी झालेली असते. मग 'ऑनलाइन मुलं बोलतच नाहीत' असा शेरा बसतो. अशा प्रक्षेपणात तोंडी प्रश्न टाकूच नये. एक छोटं काम द्यावं, घड्याळ लावून मिनिटभर गप्प बसावं आणि मग उत्तरं पाहावीत. संवाद हवा असेल तर व्हिडिओ-मीटिंगची पद्धत घ्यावी. तिथला उशीर सहसा अर्ध्या सेकंदाच्या आत असतो, पण तिथे गर्दी चालत नाही.

आता एआयकडे. सुरुवात सबटायटलपासून करतो, कारण पुढचं बरंच काही त्यावर उभं राहतं. ओपनएआय या कंपनीचं व्हिस्पर, म्हणजे बोलणं ऐकून लिहून काढणारं मॉडेल, सप्टेंबर २०२२ मध्ये आलं. ६,८०,००० तासांच्या आवाजावर शिकवलेलं. तेव्हापासून व्याख्यानाचं लिखित रूप मिळवणं जवळजवळ फुकट झालं. पण 'शंभरात पाच चुका' हा आकडा ऐकायला जितका गोड तितका वापरायला नाही. मिनिटाला १३० शब्दांनी बोलणारे शिक्षक तासात ७,८०० शब्द बोलतात. पाच टक्क्यांनी जवळपास ४०० शब्द चुकले. ते कुठे चुकतात हे पाहण्यासारखं आहे. 'आणि', 'म्हणून' सहसा बरोबर येतात. चुकतात ती विशेषनामं, तांत्रिक संज्ञा, आकडे आणि सूत्रं, म्हणजे ज्यासाठी विद्यार्थी व्याख्यान ऐकतो नेमकं तेच. त्यात एखादा 'नाही' गळला तर वाक्य उलटं होतं आणि तरीही व्याकरणाने शुद्ध राहतं, त्यामुळे वरवर वाचणाऱ्याच्या नजरेला अडत नाही. आणखी एक खोड म्हणजे शांततेची. शिक्षक फळ्यावर लिहिताना गप्प झाले की ही मॉडेल्स कधीकधी न बोललेलं वाक्य त्या जागी घालून देतात. पूर्ण तपासायला वेळ नसेल तर निदान तीन गोष्टी पाहाव्यात: सगळे आकडे, सगळी नकारार्थी वाक्यं, आणि ज्या ठिकाणी आवाज नव्हता पण मजकूर आला आहे अशा जागा. विषयातल्या पन्नासेक संज्ञांची यादी आधीच यंत्राला दिली तर काम आणखी हलकं होतं.

हे इतकं लांबण लावलं कारण हाच मजकूर पुढे शंका सोडवणाऱ्या चॅटबॉटच्या पोटात जातो. चॅटबॉटची गोष्ट नवी नाही. जॉर्जिया टेकच्या ऑनलाइन पदव्युत्तर अभ्यासक्रमात अशोक गोयल यांनी २०१६ मध्ये 'जिल वॉटसन' नावाची यांत्रिक मदतनीस विद्यार्थ्यांच्या शंकांच्या फोरमवर बसवली. वर्गात सुमारे ३०० विद्यार्थी, सत्राला १०,००० च्या आसपास संदेश. तिला एक नियम होता: उत्तराची खात्री ९७ टक्क्यांहून जास्त असेल तरच बोलायचं. हा भिडस्तपणा आजच्या बॉट्समध्ये राहिलेला नाही. त्यांना सगळंच येतं.

आजची रचना अशी असते. अभ्यासक्रमाची पत्रिका, व्याख्यानांचा मजकूर, सूचना हे सगळं काहीशे शब्दांच्या तुकड्यांत कापतात. प्रत्येक तुकड्याच्या अर्थाचं आकड्यांच्या एका रांगेत रूपांतर करतात. प्रश्न आला की त्याचीही तशीच रांग करून जवळचे चार-पाच तुकडे शोधतात आणि ते भाषा-मॉडेलच्या, म्हणजे मजकूर लिहिणाऱ्या एआयच्या, हाती देऊन म्हणतात, यावरून उत्तर दे. घोटाळा होतो तो बहुतेक वेळा या कापाकापीत. तक्त्याची ओळ एका तुकड्यात आणि तिचं शीर्षक दुसऱ्यात गेलं की आकडे अनाथ होतात. 'याला अपवाद असा की' हे वाक्य पुढच्या तुकड्यात गेलं तर नियम बिनअपवादाचा होतो. सूत्र चित्र म्हणून चिकटवलं असेल तर ते बॉटला दिसतच नाही. आणि गेल्या सत्राची सूचना काढायची राहिली तर बॉट आत्मविश्वासाने जुनी डेडलाइन सांगतो. उपाय कंटाळवाणे आहेत: प्रत्येक तुकड्यावर सत्र आणि तारखेची चिठ्ठी, तक्त्याच्या प्रत्येक तुकड्यात शीर्षकाची ओळ पुन्हा, तुकडे एकमेकांवर थोडे चढवून कापणं. मग बॉट खुला करण्याआधी पन्नास प्रश्नांची परीक्षा, आणि त्यातले दहा प्रश्न असे की ज्यांचं उत्तर साहित्यात कुठेही नाही. त्या दहांना 'हे मला दिलेल्या साहित्यात नाही, शिक्षकांना विचारा' असं उत्तर आलं पाहिजे. बॉट पास की नापास हे मी तरी या दहांवरच ठरवेन.

बॉट इथवर नोकरीतल्या कारकुनासारखा आहे. अडचण सुरू होते तो शिकवणी घ्यायला लागतो तेव्हा. शिक्षणतज्ज्ञ बेंजामिन ब्लूम यांनी १९८४ मध्ये लिहिलं की एकास एक शिकवणी मिळालेला विद्यार्थी वर्गातल्या सरासरीपेक्षा दोन प्रमाण विचलनं पुढे जातो (प्रमाण विचलन म्हणजे गुण सरासरीच्या आजूबाजूला किती पसरलेत याचं माप). एआयची शिकवणी विकणारे हे वाक्य हमखास सांगतात. २०११ मध्ये कर्ट व्हॅनलेन यांनी पुढचे प्रयोग एकत्र तपासले तेव्हा माणसाच्या शिकवणीचा परिणाम त्याच मापाने ०.७९ निघाला, आणि पायरी-पायरीने तपासणाऱ्या संगणकीय शिकवणीचा ०.७६. म्हणजे दोन नव्हेच. पण यंत्र माणसाच्या फार मागेही नव्हतं, आणि ही बातमी मला जास्त मोलाची वाटते. त्यातली अट विसरू नये: पायरी विद्यार्थी लिहायचा, यंत्र ती तपासायचं. आजच्या चॅटबॉटमध्ये हे सहज उलटं होतं, यंत्र लिहितं आणि विद्यार्थी मान डोलावतो. तुर्कीतल्या एका माध्यमिक शाळेत गणिताच्या सरावासाठी जीपीटी-४ हे ओपनएआयचं भाषा-मॉडेल देऊन पाहिलं. साधा चॅटबॉट मिळालेल्यांचे सरावातले गुण ४८ टक्क्यांनी वाढले आणि तो काढून घेतल्यावरच्या परीक्षेत, ज्यांना तो कधी मिळालाच नव्हता त्यांच्यापेक्षा १७ टक्के कमी पडले. उत्तराऐवजी इशारे देणारा बॉट ज्यांना मिळाला त्यांचं हे नुकसान जवळपास झालं नाही. मुलं शाळेतली होती, विद्यापीठातली नव्हती, तरी निखळलेला 'मग' इतका स्वच्छ दुसरीकडे क्वचितच दिसेल.

तो नेमका कुठे निखळतो हे आकड्यांत दाखवता येतं. विद्यार्थ्याप्रमाणे प्रश्न बदलणाऱ्या अनेक प्रणालींच्या पोटात १९९० च्या दशकातलं, कॉर्बेट आणि अँडरसन यांचं एक मॉडेल असतं. त्याला चार आकडे लागतात: विद्यार्थ्याला हे कौशल्य आधीच येत असण्याची शक्यता, एका प्रश्नाच्या सरावात ते नव्याने येण्याची शक्यता, येत नसूनही उत्तर बरोबर लागण्याची, आणि येत असूनही चुकण्याची. समजा हे आकडे अनुक्रमे ०.४, ०.१, ०.२ आणि ०.१ आहेत. उत्तर बरोबर आलं. येत होतं म्हणून बरोबर: ०.४ गुणिले ०.९, म्हणजे ०.३६. येत नव्हतं पण लागलं: ०.६ गुणिले ०.२, म्हणजे ०.१२. दोघांच्या बेरजेतला पहिल्याचा वाटा ०.७५. उरलेल्या ०.२५ चा दहावा हिस्सा सरावाचा म्हणून मिळवला की ०.७७५. लागोपाठ तीन उत्तरं बरोबर आली की आकडा ०.९८ च्या पुढे जातो. बहुतेक प्रणाली ०.९५ ला 'आलं' म्हणतात आणि विद्यार्थ्याला पुढच्या धड्यावर सोडतात.

आता शेजारच्या खिडकीत चॅटबॉट उघडा आहे असं धरा. बाकी सगळं तेच, फक्त 'येत नसूनही बरोबर' हा आकडा ०.२ वरून ०.८ झाला. पहिल्या बरोबर उत्तरानंतर ०.३६ भागिले ०.८४, म्हणजे ०.४३. होतं ०.४, झालं ०.४३. तीन बरोबर उत्तरांनंतर ०.६३, आणि त्यातही बहुतेक वाढ 'प्रत्येक वेळी थोडं शिकला असेल' या आपणच धरलेल्या गृहीतकाची: काहीच उत्तरं न पाहता नुसतं ते गृहीतक तीनदा चालवलं तरी ०.५६ येतात. म्हणजे तीन बरोबर उत्तरांनी आपल्याला जवळपास काहीच सांगितलेलं नाही. गंमत अशी की प्रणालीला हे कळत नाही. तिच्या आत ०.२ लिहिलेलं आहे, ती खुशाल ०.९८ दाखवून हिरवी होते. त्या ०.२ चा आकडा शेवटचा कधी तपासला, हे विकणाऱ्याला जरूर विचारावं.

यावर विद्यापीठांची पहिली प्रतिक्रिया पोलिसी होती. एआयचं लिखाण ओळखणारी यंत्रं आली. ओपनएआयनेच जानेवारी २०२३ मध्ये असं एक काढलं आणि त्याचे आकडे प्रामाणिकपणे छापले: एआयच्या मजकुरातला २६ टक्के पकडतं, माणसाच्या लिखाणातलं ९ टक्के चुकून एआयचं ठरवतं. हे आकडे एका वर्गावर लावून पाहू. हजार निबंध, त्यातले शंभर यंत्राने लिहिलेले. पकडले जातील २६. उरलेल्या नऊशे प्रामाणिकांपैकी ८१ जणांवर ठपका. म्हणजे समितीसमोर उभ्या केलेल्या १०७ जणांत ८१ निर्दोष, आणि ७४ दोषी घरी निवांत. जुलैमध्ये कंपनीने अचूकता कमी असल्याचं सांगून ते मागे घेतलं. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांचे टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेतले ९१ निबंध अशा सात यंत्रांना दिले. सरासरी ६१ टक्के निबंध एआयचे ठरले. कारण साधं आहे: ही यंत्रं पुढचा शब्द किती अपेक्षित आहे ते मोजतात, आणि परकी भाषा जपून लिहिणारा माणूस अपेक्षित शब्दच वापरतो. पुढची यंत्रं सुधारली असतील, पण टक्केवारीच्या आधारे कुणाला गुन्हेगार ठरवू नये, एवढं गणित बदललेलं नाही.

कॅमेऱ्याने पाळत ठेवण्याबद्दल थोडक्यात. मान वळली, खोलीत उजेड कमी पडला, घरातलं कुणी मागून गेलं की संशयाचा झेंडा लागतो, आणि कॅमेऱ्याच्या मागे टेकवलेला फोन मात्र दिसत नाही. परीक्षेआधी खोली फिरवून दाखवायला लावणं घटनेशी विसंगत असल्याचा निकाल अमेरिकेत ओहायोतल्या फेडरल न्यायालयाने ऑगस्ट २०२२ मध्ये दिला. शिवाय बुबुळं कुठे वळली हे कळून 'येतं का' हे कळतच नाही. लिखाणाच्या मसुद्यांचा इतिहास मागणं जरा बरं, पण यंत्राचं उत्तर बघून हळूहळू टाइप करणाऱ्याचा इतिहासही सुरेख दिसतो.

उरते तोंडी परीक्षा. ती ऐकली की 'इतक्यांची कशी घेणार' हा पहिला प्रश्न. तीनशे विद्यार्थी, प्रत्येकी १० मिनिटं बोलणं, ५ मिनिटं गुण आणि नोंद: ७५ तास. एक असाइनमेंट नीट वाचून शेरे लिहायला १५ मिनिटं धरली तर तीनशेंचे तेही ७५ तासच. म्हणजे नवा वेळ लागत नाही, जुना दुसरीकडे जातो. असाइनमेंट द्यावी, पण तिला गुण जवळपास नसावेत. ती तोंडीचं तिकीट.

दहा मिनिटांची मांडणी ठरलेली असावी. पहिली दोन मिनिटं विद्यार्थ्याने आपलं काम स्वतःच्या शब्दांत सांगायचं. इथे सगळेच चांगले बोलतात, पाठ केलेलं असतं, त्यामुळे यावर गुण ठेवू नयेत. पुढची पाच मिनिटं बदलाची: हा आकडा दुप्पट केला तर, ही अट काढली तर, हीच पद्धत तू पान तीनवर का वापरली नाहीस. प्रश्न त्याच्याच कामातून निघत असल्यामुळे आधी परीक्षा दिलेल्या मित्राकडून ते फुटण्याचा उपयोग नाही. इथे एआय खरंच मदतीला येतं: जमा केलेल्या कामावरून आठ-दहा प्रश्न काढून घ्यायचे आणि त्यातले तीन शिक्षकाने निवडायचे. उरलेल्या वेळात एक आकृती किंवा दोन ओळींचं गणित कागदावर, पेनाने, कॅमेऱ्यासमोर. कानात कुणी उत्तर सांगत असलं तरी हात अडखळतो.

बिघडतं तेही ठरलेलं आहे. नेट तुटलं तर काय, हे आधीच लिहून द्यावं: पाच मिनिटांत परत जोडलं तर नवा प्रश्न, नाहीतर दुसरी वेळ, गुण न कापता. सकाळचे परीक्षक कडक आणि संध्याकाळचे थकून उदार होतात, म्हणून पहिल्या दहा मुलाखती दोघांनी स्वतंत्र तपासून गुण जुळवून घ्यावेत. घाबरणाऱ्यांसाठी बिनगुणांची एक सराव-फेरी हवीच.

आणि नोंद कशाची ठेवायची हे नीट ठरवावं. सोय म्हणून बऱ्याच ठिकाणी मुलाखतीचा यंत्राने केलेला मजकूर ठेवतात आणि आवाजाची फाइल जागा वाचवायला पुसतात. 'ही अट काढली तर?' या प्रश्नानंतर विद्यार्थिनी बारा सेकंद गप्प बसते, मग म्हणते, "थांबा, मग तर हे सगळंच उभं राहत नाही." त्या बारा सेकंदांची मजकुरात एक तर खूणही उरत नाही, नाहीतर यंत्र तिथे कुणीच न बोललेलं एखादं 'धन्यवाद' घालून ठेवतं. निकालाविरुद्ध अपील करण्याची मुदत संपेपर्यंत मूळ आवाज ठेवावा. दहा मिनिटांचे, ३२ किलोबिटने, जेमतेम अडीच एमबी होतात.